अकरा माणसं होती, आम्ही मोजली होती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट आली होती, रिकाम्या खुर्च्यांपुढे बँड वाजला अशा अर्थाची. सोबत फोटो, त्यात मागून घेतलेल्या खुर्च्यांच्या रांगा आणि लांब स्टेजवर चार ठिपके. डावीकडून दुसरा ठिपका मी, बेस गिटार वाजवतो.

तशी बातमी चुकीची नाही, खुर्च्या रिकाम्या होत्या, खोटं कशाला बोलू. दोनशे खुर्च्या आणि माणसं अकरा, त्यातला एक साऊंडवाला आणि एक आमच्या ड्रमरचा मेहुणा जो सामान उचलायला आलेला. त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटच्या वाक्यात 'दुसऱ्यांच्या गाण्यांची कार्बन कॉपी' असं जे लिहिलंय ना ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र. रडगाणं नाहीये हं, पुढे वाचा.

कोणी येणार नाहीये हे आम्हाला साऊंडचेक संपता संपताच कळलं होतं. गिटारवाला म्हणाला तासाभरात गुंडाळू, तर ड्रमर म्हणाला की जे आलेत त्यांनी काय घोडं मारलंय. बरोबरच आहे, न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढायचा हे कुठलं शहाणपण. पूर्ण दोन तास वाजवायचं ठरलं.

आता एक गोष्ट सांगतो जी खुर्च्यांवर बसणाऱ्यांना सहसा माहीत नसते. माणसं आवाज पितात, म्हणजे खरंच, अंग आणि कपडे आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. हार्वर्डमध्ये १८९५ मध्ये वॉलेस सबाईन नावाच्या प्रोफेसरने एका लेक्चर हॉलमध्ये हेच शोधायला घेतलं होतं, तिथे बोललेलं नीट ऐकूच यायचं नाही, मग तो रात्री रात्री दुसऱ्या थिएटरच्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. आमच्याकडे ना गाद्या ना माणसं, सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मागची भिंत समजा १७ मीटरवर असेल तर आवाज तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो, आणि मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तो जवळपास पाव मात्रेइतका होतो. म्हणजे ड्रमर आत्ता वाजवतोय तो ठोका आणि भिंतीवरून परत आलेला मघाचा ठोका असे दोन ड्रमर एकदम वाजतात आणि दुसरा कायम उशिरा येतो. भरलेल्या हॉलमध्ये हा दुसरा ड्रमर बराचसा गर्दीत विरून जातो, रिकाम्या हॉलमध्ये तो तुमच्या डोक्यावर बसतो. म्हणून मग ड्रमरने काठ्या बाजूला ठेवून बारीक काड्यांच्या जुडीच्या रॉड्स घेतल्या, मी अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, निम्म्यावर आणला, गिटारवाल्याने कुरकुर करत आपला आणला. तुमचा प्रतिनिधी तिसऱ्या गाण्याला उठून गेला असं मेहुण्याने सांगितलं, म्हणजे हे सगळं जमून यायच्या आधीच.

टाळ्यांचं तर विचारूच नका. गर्दीच्या टाळ्या एक होऊन येतात, अकरा जणांच्या टाळ्यांमध्ये प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो आणि सगळ्यात शेवटी थांबणारा माणूस इतका अवघडतो की पुढच्या गाण्याला वाजवतच नाही. मग दोन गाण्यांच्या मधली ती शांतता, आणि त्या शांततेत मी गिटार सुरात लावतोय, टुंग टुंग, आणि अकरा जण बघतायत. चौथ्या गाण्यापासून आम्ही थांबणंच बंद केलं. पट्टी जुळत असेल तर सरळ पुढच्या गाण्यात शिरायचं, नसेल तर ड्रमरने नुसता ठेका धरून ठेवायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आवरायचं. हे कधी ठरवलेलं नव्हतं, तिथल्या तिथे झालं, आणि खरं सांगतो आता मोठ्या प्रोग्रॅमलाही आम्ही असंच करणार आहोत.

त्यात हॉलवाल्याने अर्धे दिवे चालूच ठेवलेले. एरवी डोळ्यावर लाईट असतो, समोर नुसता काळोख, लोक आहेत एवढंच कळतं. इथे प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. एक काकू पहिला अर्धा तास हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि मी मनात म्हणत होतो काकू नुसता पाय तरी हलवा. एक जण मधेच उठला तर ऑडियन्सचे नऊ टक्के गेले की हो! (परत आला, फोन घ्यायला गेला होता.) इंटरव्हलनंतर आम्ही लोकांना पुढे यायची विनंती केली, पहिल्या रांगेत बसायला कोणी तयार होईना, तेव्हा आम्हीच खाली उतरलो. ड्रम वरच राहिले, बाकी तिघं केबल पुरेल तिथपर्यंत पुढे.

आता ते कार्बन कॉपीचं. आमच्या गायिकेचा आवाज मूळ गाण्यांच्या पट्टीत बऱ्याचदा बसत नाही, मग गाणं दोन पट्ट्या खाली घ्यावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मूळ बेस जर सगळ्यात खालच्या तारेवर मोकळा वाजत असेल तर दोन पट्ट्या खाली माझ्याकडे तारच नाही, संपली गिटार. मग एकतर तार ढिली करा, नाहीतर सगळं वरच्या सप्तकात नेऊन नव्याने बसवा. रेकॉर्डवर तीन गिटार, व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस असतो, आमच्याकडे एक गिटार आणि गायिकेच्या हाताखाली एक कीबोर्ड, तोही गाता गाता. काय ठेवायचं आणि काय सोडायचं यावर आमची भांडणं होतात, एका गाण्यावर तर महिनाभर झाली. आम्ही काही महान आहोत असं म्हणत नाहीये, पण कॉपी मशीनला असली भांडणं करावी लागत नाहीत. आणि दुसऱ्याचं गाणं कधीकधी वाजवणाऱ्याचंच होऊन जातं, अमेरिकन गायक बॉब डिलनचं १९६७ चं एक गाणं पुढच्याच वर्षी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने असं काही वाजवलं की नंतर स्वतः डिलन स्टेजवर त्या वळणाने वाजवायला लागला.

बीटल्सचं तर तुम्हाला माहीतच असेल, हॅम्बर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. १९६३ च्या पहिल्या अल्बममध्येसुद्धा १४ पैकी ६ गाणी दुसऱ्यांची आहेत. त्याच्या आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, ऑल्डरशॉट नावाच्या गावात त्यांच्या प्रोग्रॅमला १८ जण आले होते. आमच्यापेक्षा सात जास्त फक्त! आणि का, तर तिथल्या पेपरात जाहिरातच छापून आली नव्हती. हे मी तुम्हाला उगाच ऐकवत नाहीये, म्हणजे थोडंसं ऐकवतोय, कारण आमच्या प्रोग्रॅमची दोन ओळींची सूचना आम्ही तुमच्याकडे वेळेत पाठवली होती. आम्ही पुढे बीटल्स होणार नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, चौघांनाही नोकऱ्या आहेत.

आता खरी गोष्ट. प्रोग्रॅम संपला, आम्ही केबल गुंडाळत होतो तेव्हा शेवटून तिसऱ्या रांगेत बसलेले एक आजोबा पुढे आले. मला वाटलं छान झालं वगैरे म्हणतील. ते म्हणाले, ते दुसऱ्या भागातलं तिसरं गाणं, त्यात अंतऱ्याच्या आधी तुम्ही मायनर कॉर्ड घेता, तो मेजर आहे. गिटारवाला म्हणाला नाही काका, मायनरच आहे. आजोबांनी वाद घातला नाही, नुसतं गुणगुणून दाखवलं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर, आणि मेजर आणि मायनरमध्ये फरक एका सुराचा, शुद्ध गंधार की कोमल गंधार एवढाच, आणि त्यांनी शुद्ध गंधारावर जाऊन असं थांबून दाखवलं की आम्ही चौघंही गप्प. घरी जाऊन रेकॉर्ड लावलं. मेजर! नेटवरून उतरवलेल्या कुठल्यातरी कॉर्डच्या कागदावर चूक होती आणि आम्ही चार वर्षं तेच वाजवत होतो, पाचशे-पाचशे लोकांपुढे वाजवलंय, एकाला पत्ता लागला नाही. (मी बेसवर कॉर्डचा फक्त मूळ सूर वाजवतो, तो दोन्हीकडे सारखाच, तेव्हा यात माझी चूक नाही, हे बँडमध्ये मी सगळ्यांना सांगून झालंय.)

तर संपादक साहेब, शक्य असेल तर एक दुरुस्ती छापा. खुर्च्या रिकाम्या होत्या ते राहू द्या, फोटो पण राहू द्या. फक्त कार्बन कॉपी हा शब्द तेवढा काढा, कारण एक कॉर्ड चार वर्षं चुकीचा होता आणि तो पकडणारा माणूस त्या अकरा जणांत बसला होता. पुढच्या महिन्यात त्याच हॉलला परत वाजवतोय, सूचना सोबत जोडली आहे. कॉर्ड आता मेजर आहे.

आपला,
डावीकडून दुसरा ठिपका
(नाव छापू नये ही विनंती, ऑफिसमध्ये माहीत नाहीये)