आधी निदान, मग सुटे भाग

महोदय,

माझी पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी सकाळी अगदी गुळगुळीत चालायची. पण साताऱ्याहून निघून खंबाटकी उतरून खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर थांबलो की इंजिन थरथरायचं, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा ८०० वरून ५०० वर यायचा. गॅरेजने प्लग बदलले, मग कॉइल. नऊ हजार गेले, थरथर तशीच. आता पेट्रोल पंप बदलू म्हणाले!

मी एसटीच्या डेपोत डिझेलवर आयुष्य काढलं, तरी बॉनेट उघडून बसलो. शेजारच्या मुलाने गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला : पी ०१७१, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त. इंजिन थंड असताना संगणक पेट्रोल वाढवून देतो, त्यात चोरून शिरणारी हवा झाकली जाते. तापलं की ते जादा पेट्रोल बंद होतं. आणि इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली, ओढ खूप जास्त असते, म्हणून गळती तेव्हाच जाणवते. वेगात जाणवत नाही. गार इंजिनावर रबरी नळ्या एकेक वाकवून पाहिल्या. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या, नळीला खालच्या अंगाला, हात मुश्किलीने पोचेल अशा जागी, बोटभर चीर होती. नळी दोनशेच्या आत मिळाली. इंजिन शांत झालं.

रिक्षा-टॅक्सीवाल्यांना नऊ हजार म्हणजे महिन्याचं रेशन. गॅरेजवाल्यांनी भाग बदलण्याआधी स्कॅनरचं वाचन ग्राहकाला दाखवावं, बिलावर लिहावं. आयटीआयच्या मुलांनाही हीच सवय लावावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा