लाल रंग म्हणजे धोका नव्हे

महोदय,

प्रौढांचा वरचा जबडा शस्त्रक्रियेने रुंद करण्याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. सोबतच्या संगणकीय चित्रात दाढांची मुळे लालभडक दाखवून ‘दात धोक्यात’ असा निष्कर्ष काढला आहे. तो पटत नाही. अशा चित्रातला लाल रंग म्हणजे सहसा त्या एका प्रारूपातला (संगणकात उभारलेल्या जबड्याच्या प्रतिकृतीतला) सर्वाधिक ताण, एवढेच. कोणता रंग म्हणजे किती ताण हे सांगणाऱ्या रंगपट्टीवरचे मेगापास्कलचे (ताणाच्या एककातले) आकडे छापले नाहीत, तर दोन चित्रांतला लाल सारखा की दहापट वेगळा, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय हे आकडे गृहीतकांनुसार बदलतात. दाताचे मूळ आणि हाड यांमधला तंतूंचा थर जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा. प्रारूपात तो बहुधा एकाच ताठरपणाचा धरतात. प्रत्यक्षात तो भार वाढेल तसा ताठरतो आणि वेळ जाईल तसा सैलावतो. जबडा रुंद करणाऱ्या यंत्राचा स्क्रू दिवसातून दोनदा पाव फेरा, म्हणजे दिवसाला एकूण सुमारे अर्धा मिलिमीटर फिरवतात. दोन फेऱ्यांमधली ही उसंत प्रारूपात अनेकदा नसतेच.

तुलनेसाठी मात्र ही प्रारूपे उत्तम. मागचा टेरिगॉइड जोड (वरचा जबडा मागे कवटीच्या हाडाला जिथे जुळतो तो) शस्त्रक्रियेत न सोडवल्यास ताण कुठे साचतो, यंत्र दाढांऐवजी टाळूच्या हाडात रोवल्यास मुळांवरचा भार किती उतरतो, हे त्यांतून दिसते. दाढ गालाकडे कलणे, मूळ झिजणे हे धोके खरेच आहेत. पण ते रुग्णाच्या सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनवर) मोजायचे असतात. पुढच्या वेळी निदान रंगपट्टी तरी छापावी.

– एक ऑर्थोडॉन्टिस्ट, पुणे