कॅमेरा हातात नव्हता म्हणून काय झालं?

संपादक महोदय,

उपग्रहचित्रांतून कलाकृती घडवणारे कलाकार मिश्का हेनर यांच्या कामावर एका वाचकाने घेतलेला आक्षेप आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ‘घरबसल्या गूगल अर्थवरचे फोटो उचलायचे आणि कलाकार म्हणवून घ्यायचं’, असा त्याचा सूर आहे. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय, मला हे मुळीच पटलं नाही.

हेनर राहतात इंग्लंडात, मँचेस्टरला. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांची उपग्रहचित्रं चाळताना त्यांना काही चमत्कारिक आकार दिसले. ती निघाली मांसासाठी गुरं पोसण्याची अवाढव्य आवारं. शेकडो स्क्रीनशॉट एकमेकांना जोडून त्यांनी २०१२-१३ मध्ये ‘फीडलॉट्स’ ही मालिका केली. त्यातलं टेक्सासमधल्या डलहार्टचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आधी दिसतो चिघळलेल्या जखमेसारखा लालसर डाग. मग कळतं, हे शेणामुताच्या सांडपाण्याचं तळं आहे. शेजारच्या मातकट चौकोनांत तिळाएवढे ठिपके, तीच गुरं. हिरवी काडी कुठे नाही.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी मालकाच्या परवानगीशिवाय अशा ठिकाणी चित्रण करणं गुन्हा ठरवलं. आणि फाटकातून आत शिरलात तरी दिसणार काय, कुंपण आणि गुरांच्या पाठी. अख्खा धंदा नजरेत येतो तो वरूनच. ते चित्र सगळ्यांसाठी उघडं होतं. थांबून पाहिलं ते हेनर यांनी.

त्यांच्या ‘डच लँडस्केप्स’मध्ये तर नेदरलँड्स सरकारने राजवाडे, इंधनसाठे, लष्करी तळ झाकायला उपग्रहचित्रांवर चिकटवलेले रंगीबेरंगी बहुकोनच चित्राचा विषय झाले आहेत. लपवणाऱ्यानेच बोट दाखवावं तसं.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी आपल्याच तालुक्याचं उपग्रहचित्र छापून दिलं. एका कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढ्याचं पाणी काळपट होतं, हे एका मुलीने बोट ठेवून दाखवलं. त्याच ओढ्याच्या पुलावरून ती रोज सायकलने शाळेत येते. ‘सर, वास येतो, पण एवढं लांबवर गेलंय हे माहीत नव्हतं,’ म्हणाली.

एक विनंती आहे. ‘फीडलॉट्स’मधलं चित्र आपण छापणार असाल तर रंगीत आणि पान भरून छापा. फोनच्या पडद्यावर ते ठिपके दिसतच नाहीत.

– एक कलाशिक्षक, जि. सांगली