डिकीतल्या कॅसेटी

ह्यूस्टन,
रविवार रात्र

प्रिय भावा,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकरकमी पैसे, बदल्यात सगळ्या गाण्यांचे मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कायमचे कंपनीचे आणि पुढची गाणी हिंदीत. काकूंच्या ऑपरेशनचं कर्ज डोक्यावर असताना असा कागद पुढ्यात आला की हात पेनाकडे जातोच, मला कळतं. तरी सहीआधी हे वाच. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं.

काल मुद्दाम इथल्या रॅपवाल्या डीजे स्क्रूच्या दुकानात जाऊन आलो. स्क्रू २००० साली गेला, अवघ्या २९ व्या वर्षी. दुकान अजून चालू आहे. १९९८ मध्ये त्याने ते काढलं, तेही फक्त स्वतःच्या टेप विकायला. त्याआधी तो राहत्या घरातूनच विकायचा. करड्या मॅक्सेल कॅसेटी, दारासमोर गाड्यांची रांग. आपल्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज कसा जड, ओढल्यासारखा यायचा, आठवतं? आपण सेल उन्हात ठेवायचो. हा मुद्दाम गाणं तसं संथ करायचा आणि त्यावर गल्लीतली पोरं तासन्तास रॅप करायची. मोठ्या कंपनीचा हात पाठीवर नसताना सगळ्या शहराला हा आवाज पाठ झाला. आज त्याच्या रेकॉर्ड इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्यात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या या रॅपर पोरांना दुसरा रस्ताच नव्हता रे. मोठ्या कंपन्या न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिसला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सोहळ्यात दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅपर जोडीला पुरस्कार मिळाला, तर लोकांनी हुर्यो उडवली. त्यांच्यातल्या आंद्रेने माइकवर सांगितलं, दक्षिणेलाही काही सांगायचंय. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

आता व्यवहाराचं. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मास्टर पी. आजोबांच्या मृत्यूनंतर भरपाईचे १०,००० डॉलर हाती आले, त्यातून त्याने कॅलिफोर्नियात रिचमंडला रेकॉर्डचं दुकान टाकलं. गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक काय मागतं ते शिकला, स्वतःच्या कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकल्या. म्हणून १९९६ ला प्रायॉरिटी कंपनीपुढे बसला तेव्हा मास्टर स्वतःकडे ठेवून ८५ टक्के वाटा घेऊन उठला. कंपनीकडे राहिलं ते मुख्यतः माल दुकानांत पोचवायचं काम. पुढच्याच वर्षी त्याचा ‘घेट्टो डी’ हा अल्बम बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिला आला. खपणारा माल त्याच्याकडे होता, भावा. तुझ्याकडेही आहे. गावोगावच्या जत्रांत तुला बोलावतात ते कोणाच्या शिफारशीवर नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मिसिसिपीतल्या मेरिडियनचा रॅपर बिग क्रिट. बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून स्वतः बनवायला शिकला. २०१० मध्ये ‘क्रिट वॉज हिअर’ इंटरनेटवर फुकट सोडला, त्यावर नाव झालं. मग डेफ जॅमसारखी मोठी कंपनी, २०१२ आणि २०१४ ला दोन अल्बम. २०१६ ला तो बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या लेबलवर दुहेरी अल्बम काढला. बोलीतला मिसिसिपीचा हेल तसाच. त्या अल्बमच्या नावाचा अर्थच असा, की ‘कायम’ म्हणजे फार मोठा काळ. तुझ्या कागदावरही तोच शब्द आहे. कायमचे.

आणि हिंदीचं म्हणशील, तर तुझ्या गुऱ्हाळाच्या गाण्यात चुलवाणाची धग आहे, काहिलीत उकळणारा रस आहे. हे शब्द काढले तर त्या गाण्यात तू कुठे उरतोस?

त्यांना सांग, मास्टर माझे, पाच वर्षांसाठी वापरायला देतो, पैसे कमी द्या. नाही म्हणाले तर नाही. ऑपरेशनच्या कर्जातलं निम्मं मी या महिन्यात पाठवतो, नाही म्हणू नकोस. इचलकरंजीला माझा मावसभाऊ वकील आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो काढ, मागच्या बारीक अक्षरांसकट, आणि आजच पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सुन्या