लकसाठी हात छातीवरच कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुतळ्याला हात लावला की नशीब उघडतं असं जगभर मानतात, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. फ्लॉरेन्सला ब्राँझचं रानडुक्कर आहे, त्याचं नाक चोळून चोळून सोन्यासारखं झालंय, पण मूळ शिल्प म्युझियममध्ये आहे आणि बाहेर कॉपी, त्यामुळे चोळा हवं तेवढं. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटरच्या पुतळ्याचा उजवा पाय तर शेकडो वर्षं हात लागून लागून पार गुळगुळीत झालाय, पण ती श्रद्धा आहे, तिथे बोलायचा मला हक्क नाही.

पण बाईचा पुतळा आला की हात बरोब्बर छातीवरच का जातो? व्हेरोनाला ज्युलिएटचा पुतळा आहे, तिच्या उजव्या छातीला हात लावला की प्रेमात लक मिळतं म्हणे. लाइन लावून एकेक जण येतो, हात ठेवतो, हसतो, फोटो काढतो, लहान पोरांनाही उचलून तेच करायला लावतात. नाटकातली ज्युलिएट पूर्ण चौदा वर्षांचीसुद्धा नाहीये हो! 1972 मध्ये तिथे बसवलेला तो पुतळा तडे गेले म्हणून 2014 मध्ये काढून तिथे कॉपी बसवावी लागली, आणि तरी हात थांबले नाहीत.

आयर्लंडमधल्या डब्लिनला मॉली मलोनचा, म्हणजे तिथल्या लोकगीतातल्या मासे विकणाऱ्या बाईचा पुतळा आहे, त्याचंही तेच. हा पुतळा 1988 चा, म्हणजे यात जुनी परंपरा वगैरे काही नाही. ब्राँझवर केमिकल आणि उष्णता देऊन मुद्दाम गडद रंग आणलेला असतो, रोज एवढे घामट तळहात घासले की तो निघून जातो आणि आतला पिवळा धातू उघडा पडतो. मॉलीचा चेहरा, हातगाडी सगळं काळसर आणि छाती तेवढी लखलखीत, बघूनच कसंतरी होतं. शेवटी 2025 मध्ये तिथल्या महापालिकेने लोकांना समजवायला पुतळ्याजवळ माणसं उभी केली.

हात लावणारे सगळे वाईट असतात असं मी म्हणत नाही, गाइडने सांगितलं, पुढच्याने लावला, म्हणून आपणही लावला, एवढंच असतं बऱ्याचदा. म्हणूनच तुम्हाला लिहितेय. तुमच्या पुरवणीत परदेश सहलींचे लेख येतात, त्यात ‘इथे हात लावायला विसरू नका’ अशी टिप असते, या दोन पुतळ्यांबद्दल तरी ती छापू नका प्लीज.

आपली,
एक नियमित वाचक