तुझ्या नावाची ओवी

प्रिय सुहास,

काल रात्री तुझ्या नावाने ओवी गाऊन झाली. मी नाही, माझ्या पायथन भाषेतल्या प्रोग्रामने गायली.

कोड गोल्फचं, म्हणजे प्रोग्राम शक्य तितका छोटा लिहायच्या खेळाचं, माझं वेड तुला माहीतच आहे. खऱ्या गोल्फमध्ये कमीत कमी फटके, इकडे कमीत कमी बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप). या वेळचं कोडं असं: विडंबन-कविता लिहायची, मधे जागा मोकळ्या सोडायच्या आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या एपीआयवरून (प्रोग्रामला माहिती देणाऱ्या खिडकीवरून) कुठल्याही वापरकर्त्याची त्या क्षणाची माहिती त्यात भरायची. नाव, फॉलोअर, रिपॉझिटरी (कोडचे प्रकल्प) वगैरे. आकडे आधीच लिहून ठेवले तर बाद.

आधी मी मात्रा मोजून लिहिलं. माझ्या नावावर झकास बसलं, दुसरं खातं दिलं आणि पहिल्याच ओळीचा पाय मोडला. ९ फॉलोअर असताना चालणारी ओळ ९९ झाले की लंगडते. शिवाय अनोळखी नावाला यमक कुठून आणायचं? म्हणून ओवीकडे वळलो. ती ऐसपैस, कुणालाही पोटात घेते. नावं मधे टाकली, यमक माझ्या ताब्यात ठेवलं:

पहिली माझी ओवी गं, अमुक या धन्याला
तमुक शेतं पेरली, पीक नाही एकाला

(‘तमुक’च्या जागी रिपॉझिटरींचा आकडा. माझ्याबाबतीत तर शब्दशः खरं आहे.)

आता खरी रड ऐक. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द १८ बाइटांचा! मग मी कोडमध्ये काटकसर करायला बसलो. मोकळी जागा दाखवायला टक्क्याच्या खुणेऐवजी महिरपी कंस वापरला तर दर जागेमागे २ बाइट वाचतात, पण शेवटी त्या जागा भरणाऱ्या ‘फॉरमॅट’ या आज्ञेमुळे शेपूट १० बाइटांनी लांब होतं. पाच जागांना बरोबरी, सहावीपासून फायदा. माझ्या आठ जागा, म्हणजे निव्वळ बचत ६ बाइट. अख्खी संध्याकाळ गेली त्यात. नंतर लक्षात आलं, ओवीतला एक ‘गं’ काढला असता तरी नेमके तेवढेच वाचले असते.

काढला नाही. ‘गं’शिवाय ती ओवी कसली, नुसती यादी.

मराठीला लागणारी देवनागरीची सगळी चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, २३०४ पासून १२८ जागांत मावतात. म्हणजे प्रत्येक चिन्ह एका बाइटात ठेवून चालवताना ठरावीक आकडा मिळवला, की कविता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येईल. उलगडणाऱ्या कोडचे बाइट वाढतील, पण कविता लांब असली तर परवडतं. हे अजून करायचंय.

मधेच एपीआयने दार लावलं. टोकन (ओळख पटवणारी किल्ली) न देता तासाला ६० विनंत्या मिळतात आणि मी एकेक स्वल्पविराम हलवून पुन्हा चालवत होतो. तासाभराने पहिलं खातं तुझं दिलं. तू तिथे नावच भरलेलं नाहीस! रिकाम्या जागेला पायथन ‘नन’ म्हणतो, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे पडद्यावर आलं, ‘पहिली माझी ओवी गं, नन या धन्याला’.

रिकाम्या नावाची सोय करायला किमान ८-१० बाइट जातील. त्यापेक्षा तूच नाव भर ना.

तुझा,
अनिरुद्ध