चकव्याची गोष्ट बंद का करायची?

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीत सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी मी मुलांना भुतांच्या गोष्टी सांगते. परवा एक आई म्हणाली, "आजी, घाबरतात हो!" घाबरू देत की! मला चिकटून बसून घाबरतात, नको वाटलं तर मध्येच थांबवतात.

सगळ्यांचा लाडका चकवा. रानात वाट चुकवून गोल गोल फिरवणारा. त्यावर जुन्या लोकांचा उपाय एकच: धावाधाव करायची नाही, उजाडेपर्यंत जागीच बसायचं. नवरात्रात गरब्याच्या गर्दीत नातू चुकला, तो रडला खूप, पण जागचा हलला नाही. म्हणून लगेच सापडला.

"जेव, नाहीतर बागुलबुवा नेईल" ही मात्र गोष्ट नव्हे, निव्वळ धमकी. ती मीही खपवून घेत नाही. त्या आईंनी उद्या स्वतःच येऊन बसावं. वेताळाची पाळी आहे.

— एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा